धाकटीची क्रियापदं

"क्रियापदाची शेपटी कापायची, नवी जोडायची, आणि एकदा सुरू केलं की मध्ये थांबायचं नाही," इटालियनच्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. थोरलीनं ते व्रतासारखं पाळलं. आता इस्त्री करतानाही तिचे ओठ हलत होते. पार्लो, पार्ली, पार्ला. मी बोलते, तू बोलतेस, ती बोलते. वर्तमान संपला की भूत, मग भविष्य, मग इच्छेचा, मग अटीचा, शेवटी आज्ञेचा. नियमित क्रियापद तिच्या हातून कधी निसटलं नाही.

जागा मात्र निसटली.

दोघी जावा एकाच वृद्धाश्रमात कामाला. इटलीतल्या एका कुटुंबाला आजीच्या देखभालीसाठी बाई हवी होती, आणि आश्रमातून एकीलाच पाठवायचं होतं. राहायला स्वतंत्र खोली, दाराला आतून कडी. पगार किती ते थोरली विसरली, कडी विसरली नाही. लग्न होऊन आल्यापासून आतून लावता येईल असं या घरात तिला एकच दार माहीत होतं, आणि तिथंही बाहेरून कुणीतरी "झालं का?" म्हणत उभं असायचं.

वर्गाला थोरली गेली. धाकटीची पोर लहान, म्हणून तिला थोरलीनंच घरी शिकवलं. भांडी विसळता विसळता, पोरीचं नाक पुसता पुसता, सापडेल तिथून, सुटेल तिथपर्यंत. मुलाखतीत इटलीहून आलेल्या पाहुण्या बाईंनी विचारलं, घरची माणसं कोणती भाषा बोलतात? थोरली पाढ्यासारखी 'मी बोलते'पासून निघाली, आणि 'ते बोलतात'पर्यंत पोचेस्तोवर बाईंनी हसू दाबलं होतं. पुढच्या प्रश्नालाही तेच, त्याच्या पुढच्यालाही. धाकटी थेट "पार्लानो" म्हणाली, आणि वर आजीबाईंना मीठ चालतं का, तेही विचारून आली.

"मोठीनं रांधलं आणि धाकटीनं ताट उचललं," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या.

"तिनं कष्ट केले."

"मी कुठं नाही म्हणते? पण तुझ्या तोंडावरूनही इस्त्री फिरवलीस का? एक सुरकुती हलत नाही ती."

आतल्या खोलीतून धाकटी आली. हातात अर्धवट घडी केलेले कपडे. "ताई, माझा भविष्यकाळ ऐकता? आस्पेत्तारे. वाट बघणं."

"म्हण."

"आस्पेत्तारो, आस्पेत्ताराई..."

चुकलं होतं. शेपटीआधीचा 'ता' भविष्यात 'ते' होतो, हे थोरलीनंच तिला कितीदा तरी सांगितलं होतं. तिनं इस्त्रीचं टोक कॉलरच्या कोपऱ्यात दाबलं.

"बरोबर," ती म्हणाली.

तिकडे कुणीतरी हसेल हिला, असं तिच्या मनात आलं, आणि तिला बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली. देवापुढं तिनं रोज दोघींसाठी हात जोडले होते. पण ओठांवर कुणाचं नाव आणि पोटात कुणाचं, हे त्याच्यापासून थोडंच लपतं.

धाकटी तशीच उभी राहिली. "आश्रमातून फोन होता. पोरीला कोण सांभाळणार, त्या माणसानं आज संध्याकाळपर्यंत समक्ष येऊन सांगायचंय. ह्यांची नोकरी अशी फिरतीची. तुम्ही म्हणाला होतात, म्हणून..."

म्हणाली होती खरी. मुलाखतीच्या आदल्या दिवशी, धाकटीची वेणी घालून देताना. "तू गेलीस तर पोर माझी. शब्द दिला." तेव्हा शब्द द्यायला जात काय होतं? आपली मुलं हाताशी आलेली, हिची पोर अजून बोट धरून चालणारी. जाणार तर आपणच, याची तिला खात्री होती.

"तुमच्या जिवावर येत असेल तर सांगा," धाकटी म्हणाली. "मी नाही म्हणून कळवते. मग तुमचाच नंबर आहे."

तिच्या बोलण्यात टोमणा असता तर थोरलीला सोपं गेलं असतं. तो नव्हता.

"मला हा एक शर्ट उरकू दे," थोरली म्हणाली. धाकटी आत गेली.

सासूबाई कोपरावर उठल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "नाही म्हण. एवढासा शब्द. तुझंच होतं ते. देव काही कोपत नाही."

थोरलीनं शर्ट उलटा केला. बाहीवर पाणी शिंपडलं. इस्त्री टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. आतून धाकटीचा आवाज येत होता, कपड्यांच्या घड्यांबरोबर एकेक रूप. आस्पेत्तारो. आस्पेत्ताराई. मन लावून, तेवढंच चुकीचं.

थोरलीनं इस्त्रीचं बटण बंद केलं.

"'ते' म्हण," तिनं हाक दिली. "आस्पेत्तेरो. 'ता' नाही."

"मगाशी तर बरोबर म्हणालात?"

"मगाशी चुकलं माझं."

मग धाकटी दारात आली. "बालवाडी सुटेल आता. मी निघते."

"तू बॅग भर. आजपासून मी आणते तिला. तशीच तिला घेऊन आश्रमात जाते आणि सांगून येते."

सासूबाई भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. धाकटी काही बोलायला गेली, पण थोरली तोवर दारापाशी पोचली होती.

पोर बालवाडीच्या फाटकाशी उभी राहून आईचा पिवळा स्कार्फ शोधते, हे तिला ठाऊक होतं. खुंटीवरचा तो स्कार्फ तिनं गळ्याभोवती घेतला आणि आरशात पाहिलं. लांबून पोर फसली असती. पळतसुद्धा आली असती.

तिनं स्कार्फ काढला, होता तसा खुंटीला लावला, आणि आपल्या करड्या स्वेटरची बटणं लावत जिना उतरायला लागली.