शूऽऽ

पुस्तकं झाली, व्हिडिओ झाले, शेजारणींचे सल्लेही झाले. पण शलाकाची अडीच वर्षांची ओजू काही केल्या पॉटीवर बसेना. शेवटी तिने बोलणारी पॉटी मागवली. ती हुबेहूब शलाकाच्या आवाजात "शूऽऽ" म्हणायची आणि ओजू लगेच शू करायची.

हल्ली मात्र ओजू तिथून उठायलाच तयार नसे. शलाकाला ते खटकू लागलं. आज तिने बाथरूमच्या दाराला कान लावला.

"काल बाबा आईवर का गं ओरडले?" पॉटी लाडीगोडीने विचारत होती, शलाकाच्याच आवाजात.

ओजू बोबड्या बोलात सगळं सांगू लागली.

शलाकाने दार ढकललं.

"शूऽऽ," पॉटी म्हणाली.

ओजूने शू केली नाही. आईकडे बघत तिने ओठांवर बोट ठेवलं.