झाडाखालची मुलगी

"ही पानं कुनी बांधली माझ्या पोरीला?" यशोदाबाई वर्गाच्या दारातूनच ओरडली.

तालीम थांबली. चौथीच्या वर्गातले बाक भिंतीला सरकवले होते. मधोमध पुठ्ठ्याचं झाड उभं होतं. त्याखाली सविता बसली होती. गणवेशावर अशोकाच्या पानांची झालर, गालांना काळा रंग, हातांवर पांढरे ठिपके. तिच्यासमोर स्नेहा उभी होती, हातात पुठ्ठ्याची पोळी घेऊन. बाकीची पोरं भिंतीकडेला बसून बघत होती.

यशोदाबाई सातपूरच्या एका कारखान्यात ठेक्यावर पॅकिंगला होती. पहिली पाळी संपवून ती लेकीला न्यायला आली होती. सुपरवायझरचं ऐकून डोकं आधीच तापलेलं, त्यात हे.

"अहो, नाटक आहे ते," ज्योत्स्नाबाई हसून म्हणाल्या. त्या वर्गशिक्षिका. "सव्वीस जानेवारीचं. मुलांना वेगवेगळ्या संस्कृतींमधली मैत्री शिकवायची आहे. सविता रानातली मुलगी, उपाशी बसलेली असते. मग शहरातली स्नेहा येते, तिला पोळी देते आणि म्हणते, आजपासून आपण मैत्रिणी."

"आमी कोकणा आदिवासी हाय बाई, पेठकडचे. आमच्यात कोन पानं नेसतं? माझी आजीबी कधी नेसली नाय. आन हे ठिपके लग्नात भिंतीवर काढत्यात, तेबी वारल्यांच्यात. पोरीच्या अंगावर नाय."

"पण बघणाऱ्यांना कळायला नको का, ही आदिवासी आहे म्हणून?"

ज्योत्स्नाबाईंचा हेतू चांगलाच होता. असल्या चांगल्या हेतूच्या माणसांना काही सांगायला जावं, तर ती उलट आपलीच समजूत घालतात. सविता आणि स्नेहा पहिलीपासून एका बाकावर बसायच्या, म्हणून तर बाईंनी त्यांना निवडलं होतं. आता त्यांनी आवाज मऊ केला.

"सविताची आई, राग मानू नका. स्नेहासारख्या चांगल्या घरच्या मुलींनी तुमच्या मुलांना जवळ करावं, एवढंच तर आम्ही शिकवतोय."

यशोदाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जवळ करावं म्हणे! कुणी कुणाला?

स्नेहाच्या वडिलांच्या कंपनीला दिवाळीत टाळं लागलं होतं. शेजारीपाजारी कळू नये म्हणून तिची आई तिला रोज डबा देऊन पाठवायची. डब्यात कधी मूठभर कुरमुरे असायचे, कधी तेही नसायचे. सविताने ते पाहिलं त्याच दिवशी आपली नागलीची भाकरी मोडून अर्धी तिला दिली. मग ती घरी जास्त भाकऱ्या मागायला लागली. "भस्म्या झालाय का गं तुला?" म्हणत यशोदाबाईने धपाटा घातला, तेव्हा पोरीने खरं सांगितलं. सांगितलं आणि लगेच आईचा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला. कुणाला बोललीस तर माझी शप्पथ. तेव्हापासून यशोदाबाई रोज दोघींना पुरेल एवढा डबा करत होती आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हती.

आता मात्र एकच वाक्य पुरे होतं. एका वाक्यात या बाईचं नाटक, झाड आणि पोळी सगळं आडवं झालं असतं.

"बाई, तुमच्या या चांगल्या घरच्या पोरीलाच इचारा..."

"आई, शप्पथ!" सविता झाडाखालून ओरडली.

यशोदाबाई थांबली. कारखान्यात ती कुणाच्या बापाला भीत नव्हती. पण लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली तर ती लेकरालाच बाधते, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती. जिभेवर आलेलं तिने गिळलं. राग काही गिळता येईना. डोळ्यांत पाणी आलं आणि तिला त्या पाण्याचाही राग आला.

ज्योत्स्नाबाईंना वाटलं, हिला पटलं. त्यांनी टाळी वाजवली.

"चला, पुन्हा पहिल्यापासून. सविता, मान खाली घाल. अजून खाली. भूक लागलीये ना तुला? स्नेहा, पुढे ये. पोळी दे."

सविताने मान खाली घातली. स्नेहा जागची हलली नाही. तिचे कान लालबुंद झाले होते. ती एकदा यशोदाबाईकडे बघत होती, एकदा सविताच्या काळ्या केलेल्या गालांकडे.

"स्नेहा! वाक्य विसरलीस? 'ये, अशी उपाशी का बसलीस?'"

स्नेहा ताडताड झाडाकडे गेली. सविताच्या कमरेची पानं तिने ओरबाडून काढली. दोरा तुटेना, तेव्हा दातांनी तोडला. मग सविताचा दंड धरून तिला उठवलं, पुठ्ठ्याची पोळी तिच्या हातात कोंबली आणि स्वतः मांडी घालून झाडाखाली बसली.

"स्नेहा, नको ना," सविता हळूच म्हणाली.

"अगं, हे काय चाललंय?" ज्योत्स्नाबाई आता खरंच चिडल्या. "स्नेहा, ऊठ आधी! उपाशी कोण असतं?"

स्नेहाने साऱ्या वर्गाकडे पाहिलं. रागाने तिचा आवाज चिरकला.

"मी असते, बाई. खायला ती देते."