मुठीचा डबा

आमच्या चर्चची जुनी रीत आहे. रोज स्वयंपाकाआधी मूठभर ज्वारी झाकणावर क्रूस काढलेल्या डब्यात टाकायची आणि रविवारी चर्चमध्ये गरजूंसाठी द्यायची.

बदनापुरात एकट्या राहणाऱ्या मार्थामावशींनी यंदा पहिल्यांदाच विचारलं, "त्यातली थोडी मलाबी भेटन का?"

"मावशी, तुमची मूठ तर दर रविवारी बराबर येऊन राह्यली," कमिटीचे याकोबराव म्हणाले. "देणाऱ्याचं नाव घेणाऱ्याच्या यादीत कसं टाकावं?"

आम्ही सगळे हसलो. मावशीही हसल्या.

गेल्या रविवारी त्या आल्या नाहीत, म्हणून आम्ही घरी गेलो. त्या चुलीपाशी पडल्या होत्या, अंग केव्हाच गार झालेलं. फळीवरचा एकेक डबा उघडून पाहिला. सगळे रिकामे.

 

ज्वारी होती ती फक्त क्रुसाच्या डब्यात.