ओतिलिया कुठे जाते?

होंडुरासमधल्या आमच्या डोंगराळ गावात एदिल्बेर्तो नावाचा तरणा मास्तर आला आणि सांगू लागला, "मक्याची धाटं जाळू नका, रानातच पसरा. ओळींमध्ये वाल लावा. माती पुन्हा जिवंत होईल." गावातल्या क्रेसेन्सियोने भर सभेत सुनावलं, "फुकट शिकवणाऱ्याचा डोळा एकतर जमिनीवर असतो, नाहीतर बायकांवर!" पुरुष हसले. मग मास्तरला कुणी बांधावरही उभं केलं नाही.

पण हल्ली क्रेसेन्सियोची बायको ओतिलिया मक्याच्या तोर्तिया भाजून झाल्या, की शाल गुंडाळून ओढ्यापलीकडे जायची. विचारलं तर म्हणायची, "सरपण आणते." परत यायची ती रिकाम्या हाताने, वर गाणं गुणगुणत.

रविवारी क्रेसेन्सियो कोयता घेऊन तिच्या मागे गेला. ओढ्यापलीकडे तिच्या माहेरच्या तुकड्यावर गावातल्या बायका गोल करून बसल्या होत्या. मास्तर कुठेच नव्हता. मधोमध ओतिलिया उभी होती आणि ओंजळीतली काळीभोर माती दाखवत त्यांना मास्तरचीच धाटं-वालाची रीत शिकवत होती.

"माझ्या पाठीमागे हे उद्योग!" पुटपुटत तो पुढे सरसावला, तोच झुडपाआडून कुणीतरी मनगट धरून त्याला खाली खेचलं. तिथे शेजारचा अनास्तासियो आणि गावातले आणखी काही नवरे दबून बसले होते. प्रत्येकाच्या मांडीवर कोयता होता.



"गप बस की गड्या," अनास्तासियो कुजबुजला, "आता कुठे पेरणीचं सांगायला लागलीय तुझी बायको. ऐकू तर दे!"