रस्त्यात आलेली झाडं

“आता आपण सगळे झाड,” म्हणत किशोरी एका पायावर उभी राहिली. मुलांना योग शिकवण्याची तिची आज प्रात्यक्षिक परीक्षा होती. पहिलीतलं निदान एक मूल वीस आकडे होईपर्यंत वृक्षासनात टिकलं, तरच ती पास. मागच्या बाकावर परीक्षक बाई मोजत होत्या.

पाच म्हणताच ईश्वरी आडवी झाली.

“पाय दुखला का गं?”

“नाही ताई, मला तोडलं. रस्ता रुंद करतायत.”

हे ऐकताच अख्खी रांग धडाधड कोसळली, आणि तिच्याबरोबर किशोरीचं प्रमाणपत्रही.

कोपऱ्यात मल्हार मात्र एका पायावर, हात जोडून उभा. बाईंचे वीस आकडे झाले तरी हलेना.

“तुला नाही का तोडलं रे?” बाईंनी विचारलं.

“मला कसं तोडतील? माझ्या बुंध्याशी म्हसोबा आहे.”