फिल्टरवाली ट्रॉली

"सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही," असं म्हणत दाजींनी केबिन रोडवरच्या दुकानातली पाण्याची ट्रॉली चपलेच्या टोकाने ढोसली. टाकी काय, चाकं काय, वर फिल्टर! काचा धुवायच्या की पाण्याची वरात काढायची? आणि खिडक्या धुण्याचं पहिलंच काम मिळालेली ही सुगंधा नेमकी तीच ट्रॉली निवडत होती. जन्मभर बादलीवर काचा धुतलेल्या दाजींना तिची कीव आली.

"जेसल पार्कातली गुलाबी गेटवाली बिल्डिंग. सात माळे मी एका सकाळीत धुतले, तेही बोअरिंगच्या पाण्याने! काच अशी गायब झाली की घारी आरपार जायला बघायच्या आणि धडकायच्या. दुपारपर्यंत खाली अकरा मोजल्या. जा, विचार तिथे कुणालाही!"

सुगंधाने ट्रॉलीचा दांडा घट्ट धरला.

"विचारलंय, दाजी. माझं काम तिथेच आहे. फिल्टरचं पाणी आणलं तरच ये म्हणालेत. बोअरिंगचं पाणी वाळून काचा अशा पांढऱ्याफटक झाल्यात, की घारीचं सोडा, आतल्या माणसांनाही समोरची खाडी दिसत नाही."