तिसरे मोजमाप

इमारतीतल्या बिऱ्हाडांनी मिळून घेतलेल्या एकाच पोत्यातील बटाट्यांच्या साली सूनबाई रोज दारोदार गोळा करीत आणि प्रयोगशाळेत त्यांचा अर्क काढून त्यातील गुणकारी द्रव्ये मोजत. पहिल्या दोन्ही मोजमापांत द्रव्ये अपेक्षेच्या दुप्पट भरली, तेव्हा त्यांनी हर्षभराने सासूबाईंना फोन केला. शोध पक्का ठरायला त्याच पोत्यातल्या सालींचे तिसरे मोजमाप तेवढे उरले होते. संध्याकाळी रिकामा डबा वाजवत, जवळजवळ नाचतच, त्या घरात शिरल्या.

"आई, साली आणा, साली! गड सर झालाच म्हणून समजा!"

 

"साली कुठल्या गं आता?" सासूबाईंचा ऊर अभिमानाने भरून आला होता. "तुझा शोध मी घरोघरी सांगून आले, तशी सगळ्यांनी शेवटचा बटाटासुद्धा सालीसकट फस्त केला!"